आधी बोट, मग बाटली: स्कॉटलंडच्या बेटांवरच्या व्हिस्की-सहलीत या चुका टाळा

स्कॉटलंडच्या व्हिस्की-सहलीचा बेत बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिजतो आणि मग एखादा हौशी मित्र तो एक्सेलमध्ये उतरवतो. एका रकान्यात डिस्टिलऱ्या: आर्डबेग, लागाव्हुलिन, तालिस्कर, जुरा, टोबरमोरी. शेजारी तारखा, हॉटेलं, माणशी खर्च. बोटीचा रकाना मात्र नसतो, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच. या बेटांवर तुमचा दिवस डिस्टिलरी ठरवत नाही, बोटीचं वेळापत्रक ठरवतं. त्यामुळे ठरवण्याचा क्रम असा ठेवा: आधी बोट, मग मुक्काम, मग गाडी आणि सगळ्यात शेवटी डिस्टिलरी. हा क्रम उलटा झाला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

नकाशावर वीतभर, प्रत्यक्षात दिवसभर

नकाशावर आयला (इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ज्याला ‘इस्ले’ म्हणतो ते बेट) आणि स्काय यांच्यात फारसं अंतर दिसत नाही. म्हणून शीटमध्ये ‘सकाळी लागाव्हुलिन, संध्याकाळी तालिस्कर’ असं बिनधास्त लिहिलं जातं. या दोन बेटांमध्ये थेट बोट नाही. आयलाहून दोन-सव्वादोन तासांची बोट पकडून मुख्य भूमीवर केनाक्रेगला यायचं, तिथून ओबान आणि फोर्ट विल्यम करत मॅलेग गाठायचं, आणि मग आर्मडेलची बोट. मॅलेगला न जाता पुलावरून स्कायला गेलात तरी फरक पडत नाही. अख्खा दिवस गाडीत आणि बोटीत जातो.

पाच-सहा रात्री हातात असतील तर एकच पट्टा निवडा. दक्षिणेत अ‍ॅरन, आयला आणि जुरा. उत्तरेत स्काय, राझे आणि हॅरिस. उत्तरेचा पट्टा देखणा आहे, पण डिस्टिलऱ्या विरळ. स्कायवर 1830 पासूनची तालिस्कर आहे, तिच्या सोबतीला दुसरी, टोराव्हेग, आली ती थेट 2017 साली. राझेची 2017 ची आणि हॅरिसची 2015 ची. डोंगर आणि समुद्र बघायचा असेल तर उत्तरेला जा. व्हिस्कीसाठीच निघाला असाल तर दक्षिणेला, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

दक्षिणेच्या पट्ट्यात एक सोय आहे जी बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ग्लासगोहून थेट केनाक्रेगला न जाता आधी अ‍ॅरनला जायचं. बोट आर्ड्रोसनची की ट्रूनची, ते तिकिटावर नीट बघा. दोन्ही बंदरांतून अ‍ॅरनची वाहतूक होते आणि चुकीच्या धक्क्यावर गाडी लावून उभं राहणारे कमी नाहीत. बेटाच्या दक्षिण टोकाला लॅग डिस्टिलरी (2019), उत्तर टोकाला लॉकरान्झा (1995). रात्री लॉकरान्झाला मुक्काम करा. सकाळी तिथूनच अर्ध्या तासाच्या छोट्या बोटीने समोर क्लोनेगला उतरायचं, आठ-नऊ किलोमीटरचा अरुंद रस्ता ओलांडला की केनाक्रेग, आणि दुपारच्या बोटीने आयला. ग्लासगोला परत जाऊन तोच वळसा पुन्हा घालावा लागत नाही. फक्त ही क्लोनेगची सोय उन्हाळी वेळापत्रकातली, म्हणजे साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर. हिवाळ्यात तीच बोट टार्बर्टला जाते आणि फेऱ्या अगदी मोजक्या असतात.

टार्बर्टवरून आठवलं. केनाक्रेगजवळ एक टार्बर्ट आहे, हॅरिस बेटावर दुसरं टार्बर्ट आहे आणि ग्लासगोहून येताना लॉक लोमंडच्या काठावर टार्बेट लागतं. मुक्काम बुक करताना गावाच्या नावावर विसंबू नका, पिनकोड बघा. हॅरिसच्या टार्बर्टमधली स्वस्त खोली बघून खूश झालात, तर ती तुमच्या धक्क्यापासून एक अख्खी बोट आणि दिवसभराच्या ड्रायव्हिंगइतकी लांब असेल.

बोट: गाडीची जागा आणि माणसाची जागा वेगळी

या बेटांवर बोटी चालवणाऱ्या कॅल्मॅक कंपनीच्या मोठ्या बोटींवर माणसांना जागा सहसा मिळते, भरतो तो गाड्यांचा डेक. त्यामुळे ‘बोट फुल आहे’ असं दिसलं की सहल रद्द करायला धावू नका, गाडीशिवाय तिकीट मिळतंय का ते बघा. ग्लासगोहून कॅम्पबेलटाउनला जाणारी सिटीलिंकची बस केनाक्रेगच्या धक्क्यावर थांबते. आयलावर उतरून तिथेच गाडी भाड्याने घेता येते, पण बेटावर गाड्या मोजक्या, तेव्हा तीही आधीच ठरवून ठेवावी लागते.

ग्लासगोहून गाडी भाड्याने घेत असाल तर ती बोटीवर नेलेली चालते का, हे कंपनीला लेखी विचारून ठेवा. भारतीय लायसन्सवर तिथे 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखीच डाव्या बाजूने, त्यामुळे तो प्रश्न नाही. बेटांवरचे बरेच रस्ते एकेरी रुंदीचे. समोरून गाडी आली की ‘पासिंग प्लेस’च्या फुगवट्यात थांबायचं आणि हात करायचा. आयलावर तर अनोळखी माणूसही स्टिअरिंगवरून हात वर करतो, आपणही करावा. या फुगवट्यात गाडी लावून फोटो काढत बसणं हा मात्र तिथल्या लोकांच्या डोक्यात जाणारा प्रकार आहे.

आयलाला पोर्ट एलन आणि पोर्ट आस्केग अशी दोन बंदरं आहेत, एक दक्षिणेला, एक ईशान्येला, मध्ये तीसेक किलोमीटर. हवामान बिघडलं की एका बंदराची बोट दुसऱ्या बंदराला वळवली जाते. म्हणून जाण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा कॅल्मॅकची सेवा-स्थिती तपासा. बेटावर नेटवर्क कुठेही दगा देतं, तेव्हा नकाशा आणि तिकिटं फोनमध्ये उतरवून ठेवा.

मेअखेरीस आयलावर फेश ईला हा महोत्सव असतो. त्या आठवड्यात बोट आणि खोली मिळवणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळवण्यासारखं. एक वर्ष आधी हालचाल करणार असाल तरच त्या वाटेला जा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी त्या तारखा टाळाव्यात असंच माझं मत. गर्दीत डिस्टिलरी दिसते, बेट दिसत नाही.

बोट रद्द झाली तर?

होतेच कधीतरी. वारा, धुकं, यांत्रिक बिघाड, काहीही कारण पुरतं. अशा वेळी धक्क्यावर गाडी सोडून इकडेतिकडे फिरू नका, कारण पुढच्या बोटीत जागा देताना तुम्ही हाताशी असलेलं बरं. फोन नंबर बुकिंगमध्ये बरोबर टाकलेला असला तर संदेश येतो. त्या रात्रीच्या यजमानांना लगेच कळवा. बेटावरच्या लोकांना हे नवीन नसतं, नीट सांगितलं की बरेचजण सांभाळून घेतात. दुसऱ्या दिवशीची टूर असेल तर डिस्टिलरीलाही मेल टाका.

विमान हा पर्याय आहे, ग्लासगो ते आयला जेमतेम पाऊण तासाचं उड्डाण. पण विमान लहान, आणि धुकं त्यालाही सोडत नाही. आणखी एक अडचण रस्त्याची. ग्लासगोहून केनाक्रेगला जाणारा ए-83 ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाच्या घाटातून जातो. आपल्याकडच्या घाटांसारखीच तिथेही पावसात दरड येते आणि वाहतूक जुन्या लष्करी रस्त्याने वळवली जाते. एरवी अडीच-तीन तासांचा प्रवास आहे, त्यावर तासभर हाताशी ठेवा. चेक-इनची वेळ टळली तर बोट डोळ्यांसमोर असूनही तुमची जागा दुसऱ्याला जाते.

सकाळी आयला सोडून त्याच रात्रीचं मुंबईचं विमान पकडण्याचा बेत तर साफ सोडून द्या. शेवटची रात्र ग्लासगो किंवा एडिनबर्गमध्येच काढा.

गाडी कोण चालवणार?

या प्रश्नाचं उत्तर मुंबईत किंवा पुण्यातच ठरवा, बारमध्ये नाही. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर 2014 पासून मर्यादा 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. इंग्लंडमध्ये ती 80 आहे, त्यामुळे लंडनच्या मित्राचा ‘एकाने काही होत नाही’ हा सल्ला इथे चालत नाही. (आपल्याकडे 30 आहे, पण ते असो.) पकडलं गेलं तर किमान वर्षभर गाडी चालवायला बंदी. पबमधलं माप 25 किंवा 35 मिली, म्हणजे आपल्या स्मॉलच्या आसपास, पण वेअरहाउस टेस्टिंगमधली (डिस्टिलरीच्या गोदामात चाखायला मिळणारी) व्हिस्की पिंपातून थेट आलेली असते, पाणी न घातलेली, कित्येकदा 55 टक्क्यांच्या वर. असे चार-पाच घोट झाले की हिशेब चुकतो. रात्री उशिरापर्यंत बसलात तर दुसऱ्या दिवशी सकाळची ड्रायव्हिंगही धोक्यात.

चालवणाऱ्याने तोंड पाडून बसायची गरज नसते. ‘ड्रायव्हर आहे’ असं सांगितलं की बऱ्याच डिस्टिलऱ्या त्याच्या वाटणीची व्हिस्की छोट्या कुप्यांत भरून देतात, रात्री खोलीवर घ्यायला. त्याहून चांगला उपाय म्हणजे गाडीच न काढणं. पोर्ट एलनमधून निघून रस्त्याला समांतर एक पायवाट जाते. आधी लाफ्रॉइग, मग लागाव्हुलिन, शेवटी आर्डबेग. सगळं मिळून पाचेक किलोमीटर. 1815-16 च्या आसपास सुरू झालेल्या या तिन्ही डिस्टिलऱ्या एका दमात पायी होतात. वाटेत उजव्या हाताला समुद्र, आणि गेटापाशी पोहोचण्याआधीच नाकात धूर. आर्डबेगला जेवणाचीही सोय आहे. परतीची टॅक्सी मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा. रस्त्यावर हात दाखवून मिळेल अशी टॅक्सी तिथे नसते.

दुसरा मुक्काम बोमोरला ठेवा. 1779 ची डिस्टिलरी गावातच, समुद्राला खेटून आहे. हॉटेलातून चालत जायचं, चालत यायचं.

सगळ्याच्या सगळ्या टूर घेण्याचा हट्ट

आयलावर डिस्टिलऱ्या भरपूर, आणि 1983 साली बंद पडलेली पोर्ट एलनसुद्धा 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणून सगळीकडे तास-दीड तासाची टूर घ्यायची? तिसऱ्या टूरला तेच मॅश टन (बार्ली भिजवण्याचं भांडं), तेच वॉशबॅक (आंबवण्याची टाकी), तेच तांब्याचे स्टिल (दारू गाळण्याची भांडी) बघून मंडळी जांभया देतात. एक टूर नीट घ्या, तीही जिथे जमिनीवर बार्ली पसरून मोड आणण्याची जुनी पद्धत अजून चालते अशा ठिकाणी: लाफ्रॉइग, बोमोर किंवा किलहोमन. ओल्या बार्लीचा थर, तो उलथवण्याचं लाकडी फावडं आणि खाली भट्टीत धुमसणारं पीट (दलदलीतली वाळवलेली माती, जिच्या धुराचा वास व्हिस्कीला लागतो) एकदा पाहिलं की लाफ्रॉइगच्या वासाचं कोडं सुटतं. बाकी ठिकाणी फक्त टेस्टिंग. दिवसाला दोन, फार तर तीन.

ठिकाणं दिशेने वाटून घ्या. पश्चिमेला ब्रुइक्लाडी आणि किलहोमन एका दिवशी. ईशान्येला कोल ईला, आर्डनाहो आणि बुनाहाव्हन दुसऱ्या. ज्यांना धुराची चव झेपत नाही त्यांनी बुनाहाव्हनपासून सुरुवात करावी, तिची नेहमीची व्हिस्की पीटविना असते. उन्हाळ्यात काही आठवडे दुरुस्तीसाठी उत्पादन बंद ठेवण्याची पद्धत आहे. टूर चालू असते, पण स्टिल थंड. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

जुरासाठी पोर्ट आस्केगहून दहा मिनिटांत पलीकडे फिओलिनला नेणारी छोटी बोट आहे. लोक गाडीशिवाय हौसेने उतरतात आणि मग कळतं की समोर एक धक्का आणि एक रस्ता, बस्स. डिस्टिलरी क्रेगहाउसला, तेरा किलोमीटरवर. गाडी न्या, किंवा बेटावरच्या बसची वेळ आधी जुळवा, आणि परतीची शेवटची बोट कितीची ते जाताना विचारा. बेटावर हॉटेल एकच आहे. जाता जाता: 2007 मध्ये विजय मल्ल्यांच्या युनायटेड स्पिरिट्सने व्हाइट अँड मकाय ही स्कॉटिश व्हिस्की कंपनी विकत घेतली तेव्हा ही डिस्टिलरीही तिच्यासोबत आली, आणि 2014 पर्यंत भारतीय मालकीची होती.

बारीकसारीक, पण नडणारं

रविवारी बस जवळपास नसते, बऱ्याच डिस्टिलऱ्या हंगामाबाहेर बंद असतात. स्वयंपाकघरं आठ-साडेआठला आवरतात. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहाऱ्यांनी बोमोर किंवा पोर्ट एलनच्या को-ऑपमधून सामान घेऊन ठेवावं आणि शक्य तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं. उन्हाळ्यात मिजेस नावाची चिलटं संध्याकाळी वारा पडला की फोडून काढतात. जाळी आणि तिथलंच मलम, दुसरा इलाज नाही. शेंगेनचा व्हिसा ब्रिटनला चालत नाही, हेही दरवर्षी कुणाला तरी विमानतळावर कळतं.

बाटल्यांचं गणित

भारतात येताना माणशी 2 लिटर दारू ड्युटीशिवाय आणता येते. तिथली बाटली 700 मिलीची. दोन घेतल्या तर 1.4 लिटर, तिसरी घेतली की 2.1, म्हणजे 100 मिलीसाठी कस्टमशी गाठ. काही डिस्टिलऱ्या 200 मिलीच्या बाटल्याही विकतात. दोन मोठ्या आणि तीन छोट्या घेतल्या की बरोबर 2 लिटर होतात. व्हॅट परत मिळेल या आशेवर पावत्या जपू नका, ग्रेट ब्रिटनमध्ये पर्यटकांसाठीची ती सोय 2020 अखेर बंद झाली. बाटल्या चेक-इन बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून, मधोमध. हातातल्या पिशवीतून नेलेली दुकानाची बाटली सुरक्षा तपासणीत अडकू शकते. आणि ड्युटी-फ्रीची घेतली असेल तर सीलबंद पिशवी मुंबईपर्यंत फोडू नका, नाहीतर दुबई किंवा दोहाला विमान बदलताना ती तिथेच राहील. ड्युटी-फ्रीची बाटली बहुधा 1 लिटरची असते आणि तीही त्याच 2 लिटरमध्ये मोजली जाते, हे डिस्टिलरीच्या दुकानात पाकीट उघडण्याआधी लक्षात घ्या.