आमदारांची बेरीज जुळत नाहीये? पक्षीय बलाबल मोजताना या चुका टाळा

आमदार मोजायला काय लागतं असं वाटतं खरं, पण महाराष्ट्राच्या पक्षीय बलाबलाचे तीन वेगवेगळे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून बघा, तिन्हींत आकडे वेगळे निघतात आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तिन्ही बरोबर असतात. फक्त प्रत्येकाने वेगळ्या तारखेला आणि वेगळ्या हिशोबाने मोजलेलं असतं. भांडणं मात्र आपल्या ग्रुपवर होतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सभागृह न बघता आकडा उचलणं. विधानसभा २८८ ची, सगळे थेट मतदारांनी निवडून दिलेले, त्यात २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. विधान परिषद ७८ ची. आपण दोन्हीकडच्यांना आमदारच म्हणतो, मग कुणीतरी दोन्हींची बेरीज करून "आमच्या पक्षाचे एवढे आमदार" म्हणतो आणि समोरचा विधानसभेचा तक्ता फेकून त्याला खोटं पाडतो. सरकार राहणार की पडणार हे फक्त विधानसभेत ठरतं, त्यामुळे तिथे परिषदेचे आकडे मिसळायचेच नाहीत. मुख्यमंत्री मात्र कुठल्याही सभागृहाचा चालतो, अगदी शपथेच्या दिवशी कुठलाच नसला तरी चालतो, फक्त सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. उद्धव ठाकरेंनी नोव्हेंबर २०१९ मध्ये शपथ घेतली तेव्हा ते कुठेच आमदार नव्हते, मे २०२० मध्ये परिषदेवर बिनविरोध गेले. म्हणजे त्यांचं सरकार असतानाही विधानसभेतल्या शिवसेनेच्या रकान्यात त्यांना धरलं की गणित एकाने चुकणार.

बेरीज २८९ येत असेल तर घाबरू नका, तक्ता जुना आहे. आधी एक अँग्लो-इंडियन सदस्य नियुक्त व्हायचा, ती तरतूद जानेवारी २०२० पासून बंद झाली.

आता २०२४ चा निकाल घ्या, कारण सगळ्यात जास्त वाद याच्यावरच. २३ नोव्हेंबरला भाजप १३२, शिवसेना (एकनाथ शिंदेंची) ५७, राष्ट्रवादी (अजित पवारांची) ४१, ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०, जनसुराज्य २, समाजवादी २, मग रवी राणांचा युवा स्वाभिमान, रासप (राष्ट्रीय समाज पक्ष), एमआयएम, माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट), शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) आणि राजर्षी शाहू विकास आघाडी यांचा प्रत्येकी १, आणि अपक्ष २. झाले २८८. मग महायुतीचे किती? कुणी २३० म्हणतं, कुणी २३५, कुणी २३७. २३० म्हणजे फक्त भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी हे तीन मोठे पक्ष. त्यात जनसुराज्यचे दोन, राणा, गंगाखेडचे रासपचे गुट्टे आणि शिरोळचे यड्रावकर मिळवले की २३५. आणि जुन्नरचे शरद सोनवणे, चंदगडचे शिवाजी पाटील हे दोन अपक्ष त्या बाजूचे धरले की २३७. आघाडीचा आकडा सांगणाऱ्याने कोण कोण धरलंय ते विचारायचं, एवढं विचारलं तरी निम्मे वाद तिथेच मिटतात. आणि हो, अपक्षाने पाठिंबा दिला म्हणून तो त्या पक्षाच्या रकान्यात जात नाही, तो अपक्षच राहतो. उलट निवडून आल्यावर तो खरंच पक्षात गेला तर पक्षांतरबंदीखाली त्याचीच आमदारकी धोक्यात येते, म्हणून बहुतेक जण 'पाठिंबा' या शब्दावरच थांबतात.

रकाना माणसावरून नाही तर चिन्हावरून ठरतो, हेही लोक विसरतात. नितेश राणे कणकवलीतून कमळावर आणि सख्खे भाऊ निलेश राणे शेजारच्या कुडाळमधून धनुष्यबाणावर. "राणे म्हणजे भाजप" असं धरून मोजलंत की भाजप १३३ आणि सेना ५६.

मागच्या निवडणुकीशी तुलना करताना तर लोक हमखास घसरतात. २०१९ ला शिवसेना ५६ आणि २०२४ ला ५७, म्हणजे एक जागा वाढली, असं बिनधास्त लिहिलेलं दिसतं. अहो, ते ५६ अखंड सेनेचे होते. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण २०२२ ला फुटलेल्या शिंदे गटाला दिलं, त्यामुळे नंतरच्या तक्त्यात नुसतं 'शिवसेना' लिहिलं असेल तर ती शिंदेंची. जुन्या ५६ शी तुलना करायचीच असेल तर ५७ आणि २० मिळून ७७ धरा, नाहीतर करूच नका. राष्ट्रवादीचं पण तेच, फेब्रुवारी २०२४ पासून नुसतं 'राष्ट्रवादी' म्हणजे अजित पवार गटाची, आणि २०१९ चे ५४ हे दोन्ही मिळून ५१ शी लावून बघायचे.

बहुमत म्हणजे १४५, हे सगळ्यांना तोंडपाठ आणि तिथेच फसायला होतं. १४५ तेव्हाच जेव्हा सगळ्या २८८ जागा भरलेल्या आहेत. आणि प्रत्यक्ष मतदानात तर हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं, एकूण जागांचं नाही. जून-जुलै २०२२ बघा, यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. अंधेरी पूर्वचे रमेश लटके मे महिन्यात वारले, म्हणजे सभागृह २८७ चं झालं. १० जूनला राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान, अनिल देशमुख आणि नवाब मलिक तुरुंगात, कोर्टाने त्यांना मतदानाची परवानगी दिली नाही, राहिले २८५. त्यात सुहास कांदेंचं मत बाद, उरले २८४. राज्यसभेला बहुमत नाही, कोटा लागतो, एका मताची किंमत १०० धरायची, २८,४०० ला सातने (सहा जागा अधिक एक) भागायचं आणि एक मिळवायचा, आलं ४,०५८, म्हणजे पहिल्या पसंतीची ४१ मतं हातात असली की माणूस बिनघोर. तेव्हा सत्तेत असलेल्या ठाकरेंच्या महाविकास आघाडीकडे कागदावर आकडे होते, तरी सहावी जागा भाजपचे धनंजय महाडिक घेऊन गेले. मग सेना फुटली, शिंदे मुख्यमंत्री झाले आणि आला ४ जुलैचा विश्वासदर्शक ठराव, शिंदेंच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९, मतं पडली २६३, म्हणजे त्या दिवशी १३२ जरी असते तरी सरकार तरलं असतं. विरोधकांमधले बरेच जण सभागृहात वेळेवर पोचलेच नाहीत. तक्त्यातला आकडा आणि सभागृहातला आकडा यात एवढा फरक पडू शकतो.

याच हिशोबात विधानसभा अध्यक्षांचंही बघा, तक्त्यात ते त्यांच्या पक्षाच्या रकान्यात असतात पण मतं समसमान पडली तरच मत देतात. काठावरचं सरकार असेल तर हा एक आकडा जड जातो.

पक्षांतरबंदीतल्या दोन तृतीयांशचा घोळ वेगळाच. सभागृहाच्या दोन तृतीयांश नाही, त्या पक्षाच्या आमदारांच्या दोन तृतीयांश. लटके गेल्यावर सेनेचे ५५ उरले होते, म्हणून सेना फुटली त्या दिवसांत टीव्हीवर सारखं ३७, ३७ चाललं होतं. पण ३७ झाले की अपात्रतेतून आपोआप सुटका, असं कायद्यात कुठेही नाही. एक तृतीयांश फुटले तर 'फूट' मान्य, ही जुनी सूट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं असेल तरच दोन तृतीयांशचा उपयोग. शिंदे गट विलीन झालाच नाही, त्यांचं म्हणणं आम्हीच मूळ पक्ष, आणि १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी ते मान्य करताना दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र ठरवलं नाही. त्यामुळे कुठे फूट पडल्याची बातमी आली की लगेच तक्ता बदलायचा नाही. अधिकृत निर्णय येईपर्यंत आमदार मूळ पक्षाच्याच रकान्यात ठेवा आणि खाली टीप टाका.

विरोधी पक्षनेत्यासाठी १० टक्के म्हणजे २९ आमदार हवेतच, असं ठामपणे सांगणारे खूप. तो संकेत आहे. आपल्या राज्यातल्या १९७८ च्या कायद्यात सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे, टक्केवारी नाही. ठाकरेंच्या सेनेकडे २० असल्याने २०२४ नंतर हा वाद पेटला.

परिषदेचा तक्ता करताना तर आधी रिक्त जागा बघा आणि मगच पक्ष. तिथे ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक संस्थांचे, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. पालिका-जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या तेव्हा स्थानिक संस्थांच्या बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या, मतदारच नाहीत तर निवडणूक कशी होणार. राज्यपालनियुक्त १२ चं भिजत घोंगडं तर २०२० पासून पडलेलं, शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातले ७ जण आले. आणि पुढच्याच महिन्यात बावनकुळे, पडळकर, दटके, आमश्या पाडवी आणि विटेकर हे परिषदेचे पाच जण विधानसभेवर निवडून गेले, म्हणजे इकडे पाच वाढले आणि तिकडे पाच जागा रिकाम्या. ज्यांनी दोन्ही तक्त्यांत त्यांची नावं तशीच ठेवली त्यांची बेरीज पाचने फुगली. मार्च २०२५ मध्ये त्या जागा भरल्या, त्याही बिनविरोध, तेव्हा त्या चार महिन्यांतला परिषदेचा कुठलाही तक्ता हाताशी असेल तर आधी त्यावरची तारीख शोधा.