गोठवलेल्या रक्तपेशी परत जिवंत मिळवताना

लॅबमध्ये रुजू होऊन दुसरा महिना होता. डिचोलीहून सकाळची कदंब बस धरून आले आणि पहिल्यांदाच एकटीने पीबीएमसीची, म्हणजे रक्तातून वेगळ्या केलेल्या ठरावीक पांढऱ्या पेशींची, गोठवलेली व्हायल (छोटी कुपी) वितळवली. आत 1 कोटी पेशी होत्या. गोठवताना पेशी जपायला घातलेलं डीएमएसओ हे रसायन वितळल्यावर पेशींना मारतं, ते लवकर काढायचं, एवढंच डोक्यात होतं; म्हणून 10 मिली मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) एकदम ओतलं. ट्रिपॅन ब्लू घालून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर अर्ध्याहून जास्त पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. रक्त देणाऱ्या माणसाचा तो नमुना पुन्हा मिळणार नव्हता. फार वाईट वाटलं.

चूक नीट समजून घ्या. डीएमएसओ पेशीच्या आतही शिरलेला असतो. बाहेरचं द्रावण एकाएकी पातळ झालं की तो बाहेर पडायच्या आधीच पाणी आत घुसतं. पेशी फुगते आणि फुटते.

म्हणून वितळवायची घाई करा, पातळ करायची नको. व्हायल 37 अंशांच्या वॉटरबाथमध्ये हलकेच फिरवत राहा, झाकण पाण्याच्या वर ठेवा. साबुदाण्याएवढा बर्फ उरला की लगेच बाहेर काढा. दीड-दोन मिनिटं पुरतात. मग कोमट मीडियमचा पहिला 1 मिली थेंब थेंब, ट्यूब हलवत सोडा. मला त्याला मिनिटभर तरी लागतं. बाकीचं मीडियम नंतर सावकाश. सेंट्रिफ्यूजनंतर पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) बोटाने टिचक्या मारून सोडवा, व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) नको. फुटलेल्या पेशींचा डीएनए चिकट असतो, त्याने गुठळ्या होतात. तेव्हा डीएनेज, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, कामाला येतं.

अर्थात गोठवतानाच हेळसांड झाली असेल तर इथे कितीही जपून काही उपयोग नाही. काणकोणहून निघालेलं रक्त त्याच दिवशी, शक्यतो 8 तासांत फायकॉलवर (या पेशी रक्तातून वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) चढायला हवं. गोठवताना मिनिटाला 1 अंश एवढंच तापमान उतरू द्यायचं. त्यासाठी व्हायल आयसोप्रोपॅनॉल भरलेल्या डब्यात घालून तो डबा उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी व्हायल द्रव नायट्रोजनच्या टाकीत हलवतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी गोठवायचं काम काढू नका. सगळे गावी जातात, व्हायल उणे 80लाच पडून राहतात आणि पेशी हळूहळू मरतात. टाकी उघडताना चेहऱ्यावर शील्ड हवीच. आत नायट्रोजन शिरलेली व्हायल गरम होताना फुटू शकते.

वितळवलेल्या पेशींना एक रात्र इन्क्युबेटरमध्ये विसावू द्या. काही पेशी त्या रात्रीतच मरतात. वितळवल्यावर लगेच मोजलेला जिवंत पेशींचा पहिला आकडा वहीत लिहा, पण प्रयोगासाठी सकाळी पुन्हा मोजलेला धरा.