वॉरंटी संपताच गाडीचा मोठा खर्च निघाला, तर कंपनीकडे मदत कशी मागावी

गाडीची वॉरंटी संपून दोन-तीन महिने होतात न होतात तोच गिअरबॉक्स, टर्बो, स्टिअरिंग रॅक किंवा एसी कॉम्प्रेसर यांपैकी एखादा महागडा भाग निकामी होतो आणि सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट लाखाच्या घरात जाते. काउंटरवर उत्तर मिळते की वॉरंटी संपली आहे, त्यामुळे पूर्ण रक्कम भरावी लागेल. काउंटरवरच्या माणसाला तेवढाच अधिकार असतो, म्हणून त्याच्या परीने हे उत्तर बरोबर असते. मात्र ते कंपनीचे अंतिम उत्तर मानण्याचे कारण नाही. अनेक वाहन कंपन्या वॉरंटीबाहेरच्या दुरुस्तीचा काही वाटा किंवा क्वचित सगळा खर्च स्वतः उचलतात. सर्व्हिसच्या व्यवसायातील लोक याला ‘गुडविल’ म्हणतात. याची जाहिरात होत नाही, आणि ग्राहकाने स्वतःहून मागितल्याशिवाय त्याचा विषय सहसा निघत नाही.

हा निर्णय घेणारा अधिकारी बहुतेक वेळा ग्राहकाला भेटलेला नसतो. त्याच्यापुढे गाडीचा चेसिस नंबर, किलोमीटर, सर्व्हिसचा इतिहास, बिघाडाचा अहवाल आणि डीलरची शिफारस एवढेच येते. म्हणून काउंटरवर आवाज चढवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ही कागदपत्रे पूर्ण आणि स्पष्ट करण्यात ती खर्च करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी हक्क तपासा, मग विनंती करा

गुडविल ही विनंती आहे. ती करण्यापूर्वी आपल्याला थेट हक्कच आहे का, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण जे हक्काने मिळते ते उपकार म्हणून अर्ध्यावर स्वीकारण्याची चूक पुष्कळ लोक करतात.

पहिली गोष्ट म्हणजे जुनी जॉब कार्डे, म्हणजे सर्व्हिसला गाडी देताना तक्रार आणि कामाची नोंद होते ते कागद, काढून पाहावीत. गिअर बदलताना धक्का बसतो, चढावर ओढ कमी पडते, स्टिअरिंगमधून आवाज येतो, अशी तक्रार वॉरंटीच्या काळात नोंदवलेली असेल आणि त्या वेळी ‘तपासले, सर्व ठीक’ असे लिहून गाडी परत दिली असेल, तर आजचा बिघाड हा त्याच तक्रारीचा पुढचा टप्पा असू शकतो. असे दाखवता आले, तर वॉरंटीत नोंदवलेला आणि तेव्हा दूर न केलेला दोष कंपनीने आपल्या खर्चाने दूर करावा, ही मागणी भक्कमपणे मांडता येते. येथे नाशिककरांनी एक सवय लावून घ्यावी. मुंबईला जाता-येता कसारा घाटात गाडी तापली किंवा गिअर अडकला, तर पुढच्या सर्व्हिसच्या वेळी ते नुसते तोंडी सांगून थांबू नये. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडून जॉब कार्डवर आपल्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि त्याची प्रत घरी जपून ठेवावी. तोंडी सांगितलेली तक्रार दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वॉरंटी पुस्तिका पुन्हा वाचावी. सगळ्या भागांची मुदत सारखी नसते. विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांच्या मुख्य बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर वेगळी वॉरंटी असते. टायर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी बहुधा ते बनवणाऱ्या कंपनीची असते, त्यामुळे तो अर्ज वेगळ्या ठिकाणी करावा लागतो. डीलरने गाडी विकताना एक्स्टेंडेड वॉरंटी एकूण रकमेत घातलेली असते आणि मालकाच्या ती लक्षातही नसते, असेही घडते. म्हणून खरेदीच्या वेळची सगळी बिले एकदा नीट चाळावीत.

तिसरी गोष्ट रिकॉलची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कंपन्या स्वतःहूनही रिकॉल जाहीर करतात, आणि रिकॉलखालील काम वॉरंटी संपलेली असली तरी विनामूल्य होते. कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चेसिस नंबर टाकून आपली गाडी त्यात आहे का, ते पाहता येते. याखेरीज काही मॉडेलसाठी विशिष्ट भागावर कंपनीने वॉरंटी वाढवून दिलेली असते आणि ती फक्त डीलरच्या संगणकावर दिसते. त्यामुळे ‘माझ्या चेसिस नंबरवर काही कॅम्पेन (रिकॉल किंवा वाढीव वॉरंटी) बाकी आहे का, हे तपासून लेखी कळवा’ असे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला स्पष्ट सांगावे.

पैसे भरण्याच्या आधी

गुडविलचा अर्ज दुरुस्तीपूर्वी करायचा असतो. काम झाले, बिल भरले, जुना भाग भंगारात गेला आणि मग पैसे परत मागितले, तर कंपनीला तपासायला काहीच उरत नाही व नकार देणे तिला सोपे जाते. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच न्यावी. मुंबई-आग्रा महामार्गालगत आणि अंबड-सातपूर भागात बहुतेक कंपन्यांची अशी केंद्रे आहेत. बाहेरच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडून झाल्यावर ती गाडी कंपनीपुढे नेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तेथे जॉब कार्ड उघडताना लक्षण नेमके लिहून घ्यावे. ‘गाडी चालत नाही’ यापेक्षा ‘गरम झाल्यावर दुसरा गिअर पडत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो’ हे जास्त उपयोगी पडते. स्कॅनिंगचा अहवाल फॉल्ट कोडसह (गाडीच्या संगणकाने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणेसह) मागावा आणि एस्टिमेटमध्ये पार्ट, मजुरी व जीएसटी वेगवेगळे दाखवायला सांगावे, कारण पुढे वाटाघाट होते ती याच आकड्यांवर. भाग उघडून पाहण्याची मजुरी किती आणि निर्णय येईपर्यंत गाडी उभी ठेवल्यास पार्किंगचे पैसे लागतील का, हेही त्याच दिवशी लेखी घ्यावे. शक्य तेथे निकामी भागाचे फोटो काढावेत आणि तो भाग जपून ठेवण्याची सूचना जॉब कार्डवर लिहावी.

सर्व्हिसचा इतिहास हा या अर्जाचा कणा आहे. सगळ्या सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत केंद्रात झालेल्या असतील, तर बाजू चांगलीच मजबूत होते. मोफत सर्व्हिस संपल्यावर घराजवळच्या गॅरेजात जाणारे मालक नाशिकमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्यांनी ऑइलचा ग्रेड, फिल्टर, तारीख आणि किलोमीटर दाखवणारी पक्की बिले जोडलीच पाहिजेत. एसी कॉम्प्रेसर बिघडला असेल, तर इंजिन ऑइल बाहेर बदलल्याचा त्या बिघाडाशी संबंध काय, असा प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारावा.

जे कंपनीच्या दोषात बसत नाही ते तेथे नेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. गोदावरीच्या पुरात गोदाकाठी उभी असलेली गाडी बुडाली आणि इंजिनात पाणी गेले, तर तो प्रश्न विम्याचा आहे. अपघात, भेसळीचे इंधन, बाहेरून बसवलेले गॅस किट किंवा क्लचसारख्या भागाची नेहमीची झीज यांवर गुडविल मागितल्यास अर्जाची विश्वासार्हता जाते.

कोणाला लिहावे आणि काय लिहावे

सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, बॉशचाही आहे, आणि घरटी कोणीतरी या उद्योगात कामाला आहे. त्यामुळे ओळखीतून काम होईल असे नाशिकमध्ये अनेकांना वाटते. उत्पादनाचा कारखाना आणि ग्राहकसेवेचा विभाग यांचा कारभार वेगळा असतो, आणि कारखान्याच्या गेटवरून गुडविल मंजूर होत नाही. अर्ज डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरमार्फत कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरकडे जातो. हा अधिकारी कंपनीचा असतो, एका भागातील अनेक डीलरशिप पाहतो आणि ठरावीक दिवशी प्रत्येक ठिकाणी येतो. तो कधी येणार हे विचारून त्या दिवशी भेट मागावी. त्याच वेळी कंपनीच्या कस्टमर केअरला ई-मेल करून तक्रार क्रमांक घ्यावा, म्हणजे अर्ज डीलरच्या टेबलावर पडून राहत नाही.

सर्व्हिस मॅनेजरला मात्र शत्रू करू नये. त्याची शिफारस अर्जाबरोबर जाते, आणि जुन्या ग्राहकासाठी तो मनापासून दोन ओळी लिहितो तेव्हा फरक पडतो. घरात त्याच कंपनीची दुसरी गाडी असेल, तर त्याचा उल्लेख करण्यात संकोच बाळगू नये.

पत्र एका पानाचे असावे. मजकूर साधारण असा ठेवता येईल :

‘महोदय, माझी गाडी (मॉडेल, नोंदणी क्रमांक एमएच १५ …, चेसिस नंबर …) मी … रोजी आपल्या नाशिक येथील अधिकृत डीलरकडून घेतली. तिची वॉरंटी … रोजी संपली. त्यानंतर … दिवसांनी, … किलोमीटरवर, गिअरबॉक्स निकामी झाला असून दुरुस्तीचे एस्टिमेट … रुपये आहे. गाडीच्या सर्व सर्व्हिस वेळेवर झाल्या आहेत. त्यांचा तपशील जोडला आहे. हा भाग एवढ्या कमी वापरात निकामी होणे अपेक्षित नाही आणि यात माझ्या वापराचा दोष असल्याचे तपासणीत आढळलेले नाही. तरी आपण पार्टचा पूर्ण खर्च गुडविल म्हणून उचलावा, अशी विनंती आहे. मजुरी भरण्याची माझी तयारी आहे. कृपया … तारखेपर्यंत लेखी निर्णय कळवावा.’

या पत्रात मागणी नेमकी आहे. ‘काहीतरी करा’ असे लिहिले की अधिकाऱ्यालाही काय मंजूर करावे हे कळत नाही. पूर्ण पार्ट कंपनीने आणि मजुरी मालकाने द्यावी, ही मागणी वाजवी वाटते व तिच्यावर बोलणी होऊ शकतात. वॉरंटी संपून वर्ष उलटले असेल किंवा किलोमीटर बरेच जास्त असतील, तर निम्म्या पार्टची मागणी अधिक व्यवहार्य ठरेल. सेकंडहँड गाडीच्या मालकालाही अर्ज करता येतो, पण आधीच्या मालकाच्या काळातला सर्व्हिस इतिहास त्याने डीलरकडून काढून घ्यावा. समाजमाध्यमांवर बदनामी करण्याची धमकी पहिल्या पत्रात कधीही घालू नये. ती वाचून सहानुभूती असलेला अधिकारीही हात आखडता घेतो.

पहिले उत्तर नकाराचे किंवा अगदी थोड्या टक्क्यांचे असेल, तर कारण लेखी मागावे आणि फेरविचारासाठी कंपनीच्या विभागीय कार्यालयाला लिहावे.

तरीही नकार आला, तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तेथे मराठीतून तक्रार नोंदवता येते. ही यंत्रणा कंपनीला तक्रार कळवून तडजोडीचा प्रयत्न करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. पण त्यामुळे प्रकरण कंपनीच्या वेगळ्या विभागाकडे जाते आणि काही वेळा तेवढ्यानेच मार्ग निघतो.

त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असले तरी नाशिकच्या रहिवाशाला नाशिकच्याच आयोगाकडे जाता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबते, असे गृहीत धरू नये.

मात्र आयोगापुढे ‘तुम्ही गुडविल का दिले नाही’ हा मुद्दा टिकत नाही, कारण गुडविल देणे कंपनीवर बंधनकारक नाही. तेथे उत्पादनातला दोष किंवा सेवेतली त्रुटी सिद्ध करावी लागते, आणि गाडीच्या बाबतीत त्यासाठी बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. निकामी भाग जपून ठेवायचा तो याचसाठी. संपूर्ण गाडी बदलून मागण्याचा मोहही आवरावा : वॉरंटीच्या अटीत सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढेच असेल, तर गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितले आहे. वॉरंटीच्या काळातली तक्रार जॉब कार्डवर असेल, तर मात्र सेवेतील त्रुटीचा मुद्दा जोरकसपणे मांडता येतो.

टॅक्सीमालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी बसते. शिर्डी किंवा त्र्यंबकेश्वरच्या भाविकांची स्वतः ने-आण करून घर चालवणाऱ्या चालकाने तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

आणि कंपनीने मदत मंजूर केलीच, तर गाडी ताब्यात घेताना पुढे येणारा कागद वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे असेल, तर ‘याच दुरुस्तीपुरते’ हे शब्द हाताने लिहून मग सही करावी. गुडविलमध्ये बदललेला जुना भाग कंपनी परत नेते, म्हणून त्याचे फोटो आधी घ्यावेत. बिलावर कंपनीचा वाटा आणि आपला वाटा वेगळा दाखवलेला असावा, आणि नव्या भागावर किती महिन्यांची वॉरंटी आहे, हे त्याच बिलावर लिहून घ्यावे.