गाळप हंगामात ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल किती तासांनी बदलावं?

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घातली जाते. त्याच आठवड्यात चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट उघडून इंजिन ऑइल आणि फिल्टरही बदलून घ्या. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यात ट्रॅक्टरला उसंत मिळत नाही. मंगळवेढा, बार्शीकडची ज्वारीची पेरणी उरकते न उरकते तोच माळशिरस, माढा, पंढरपूर पट्ट्यात ऊसतोड सुरू होते आणि छाटणी झालेल्या द्राक्षबागांत औषध फवारणारा ब्लोअर फिरू लागतो.

आपल्याकडे हंगाम लागताना एकदा आणि संपल्यावर एकदा ऑइल बदलायची पद्धत आहे. शेतात अधूनमधून चालणाऱ्या ट्रॅक्टरला ती चालून जाते, ऊसवाहतुकीला नाही. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं ऑइल साधारण ५० तासांना काढतात, कारण नवे भाग एकमेकांवर घासून निघालेला धातूचा चुरा त्यात उतरलेला असतो. पुढे बऱ्याच मॉडेलना २५० तासांचा हप्ता असतो, काही नव्या मॉडेलना ४०० ते ५०० तासांचा. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा पुस्तिकेत पाहा आणि तो ओलांडू नका. मात्र दोन ट्रॉल्या भरून धुळीच्या पाणंदीतून ओढत असाल तर २५० च्या जागी २०० धरा, असं माझं मत आहे.

आता हिशेब करा. वाहतुकीचा ट्रॅक्टर दिवसाला दहा-बारा तास चालतो. म्हणजे २०० तास अडीच-तीन आठवड्यांत भरतात. गाळप चार महिने चाललं तर १,२०० तास सहज होतात, आणि तेवढ्यात सहा वेळा ऑइल बदलायला हवं. खर्च ऐकून कपाळाला आठ्या पडतील, पण लायनर-पिस्टन बदलून इंजिन बांधायला काय लागतं ते गावात ज्याचं काम निघालं असेल त्याला विचारा. शिवाय ते काम नेमकं भर हंगामात निघतं आणि टोळी फडात बसून राहते.

तास मोजताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या ट्रॅक्टरवरचं काट्याचं तासमीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं. ठरलेल्या आरपीएमवर इंजिन चाललं तरच घड्याळाचा एक तास मीटरवर एक तास दिसतो. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर सहा तास नुसता धडधडत उभा राहिला, तर मीटरवर निम्मेसुद्धा तास चढत नाहीत. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये हा फरक पडत नाही. काट्याचं मीटर असेल तर वहीत उभे तास वेगळे लिहा.

हे उभे तास ऑइलला जास्त बाधतात. मंद चालणारं इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी आणि न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. रांगेत इंजिन बंद करा हा सल्ला द्यायला सोपा आहे, पण बरेच ड्रायव्हर बंद करत नाहीत ते सेल्फच्या भीतीने. बॅटरी कमजोर असते आणि भरल्या ट्रॉल्यांनिशी ट्रॅक्टरला धक्का कोण मारणार? म्हणून आधी बॅटरी आणि सेल्फ नीट करून घ्या. टर्बोचं इंजिन असेल तर लांबून ओझं ओढून आल्यावर एक-दोन मिनिटं मंद चालवून मगच बंद करावं.

ऑइल वेळेवर बदललं आणि एअर क्लीनरकडे पाहिलं नाही, तर पैसे वायाच जातात. काळ्या रानाची वाळलेली धूळ फार बारीक असते. ती हवेबरोबर आत गेली की लायनर आणि रिंगा घासत ऑइलमध्ये उतरते, आणि मग तेच ऑइल ती धूळ बेअरिंगपर्यंत पोचवतं. ऑइलच्या वाटीचा क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत रोज वाटी काढून बघा. तळाला गाळ साचला असेल तर डिझेलने धुऊन ताजं ऑइल खुणेपर्यंतच भरा. वाटीत जळकं ऑइल घालायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. कागदी एलिमेंट असेल तर पाण्याने धुऊ नका. आतून बाहेर कमी दाबाची हवा मारा, आणि आतलं छोटं सेफ्टी एलिमेंट साफ करत न बसता नवंच टाका. क्लीनरपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी होजची क्लिप ढिली असेल तर वरची सगळी मेहनत फुकट, कारण धूळ तिथूनच आत शिरते.

ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनचं ऑइल थोड्याच तासांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट रंग बरा दिसतो म्हणून तास वाढवूही नका. रोज सकाळी सपाट जागेवर, सुरू करण्याआधी गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेलचा पंप किंवा नोझल तपासून घ्या. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. मग ट्रॅक्टर सुरूच करू नका, मेकॅनिकला बोलवा.

बदलताना इंजिन कोमट असू द्या, म्हणजे गाळासकट ऑइल उतरतं. फिल्टर प्रत्येक वेळी बदलाच. जुन्या फिल्टरमध्ये घाण ऑइल उरतं, आणि तो चोंदला की आतला व्हॉल्व्ह उघडून ऑइल न गाळताच फिरू लागतं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट फिरवा आणि तो हातानेच आवळा. मग गेजच्या वरच्या खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर फेस होतो. आपल्या हवामानाला १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं ऑइल बारा महिने चालतं. डब्यावर सीआय-४ किंवा पुस्तिकेत दिलेला दर्जा बघा, आणि फिल्टर पक्क्या बिलावर घ्या. गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेकचं ऑइल वेगळं असतं, ते इंजिनमध्ये घालू नका.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांचा मिनी ट्रॅक्टर बागेबाहेर पडत नाही, म्हणून तो कमी चालला असं वाटतं. पण ब्लोअरवर तो तासन्‌तास चढ्या आरपीएमवर असतो आणि त्याचं चेंबरही लहान असतं. त्याचेही तास लिहा. आणि वर्षभर उभाच असलेल्या ट्रॅक्टरचं ऑइल वर्षातून एकदा बदलाच, कारण ओलाव्याने ते खराब होतं.

ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नका. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि चुकीच्या ऑइलने तो घसरू शकतो.

काढलेलं जळकं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून सर्व्हिस सेंटरला द्या. तिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला जायला हवं. विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका, वाळवी मारायला डाळिंबाच्या बुंध्याशी टाकू नका आणि गोचिडासाठी जनावरांच्या अंगाला चोळू नका. त्यात झिजलेल्या धातूंचे अंश असतात आणि जनावर ते चाटतं.