सप्ताहाची सीडी घरोघरी लागावी म्हणून

"लेकरा, तू दिलेली सीडी आमच्या डब्याला, त्या जुन्या प्लेअरला, लागंनाच की!"

२००८ साली परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजारात एका आजीनं मला थांबवून हे सांगितलं. आमच्या गावच्या सप्ताहातली कीर्तनं मी २००५ पासून रेकॉर्ड करतो. २००८ मध्ये वर्गणीतून साठ डीव्हीडी काढून वाटल्या, त्यातल्या तेवीस परत आल्या. कुठं 'नो डिस्क' दिसायचं, कुठं अभंगाचं एकच चरण अडकून पुन्हा पुन्हा वाजायचं. गुडघ्यांमुळं आजीला मंडपात बसवत नव्हतं. घरात बसून कीर्तन ऐकायचा तिला तेवढाच आधार होता, म्हणून ते बोलणं मनाला फार लागलं.

आजही आमच्याकडं अशी घरं आहेत, जिथं स्मार्टफोन मुलाच्या खिशात असतो आणि म्हाताऱ्या माणसांपाशी जुना प्लेअर. त्यांच्यासाठी कुणी डिस्क काढणार असेल, तर मी काय शिकलो ते सांगतो.

आधी घरोघरी विचारा : तुमच्या मशीनवर काय चालतं? कीर्तन दोन तासांचं असतं आणि साध्या ऑडिओ सीडीत ८० मिनिटंच बसतात. म्हणजे निरूपण रंगात आलं की डिस्क बदलायची. एमपी थ्री चालत असेल तर आख्खा सप्ताह एका सीडीत येतो, पण हिशेब करावा लागतो. सात दिवसांची सात आणि काल्याचं एक, मिळून सोळा तास. १२८ केबीपीएस बिटरेटनं (सेकंदाला किती माहिती भरायची ते माप) ते ९०० एमबीच्या वर जातं आणि सीडी ७०० ची. मी मोनोमध्ये, म्हणजे आवाजाच्या एकाच वाहिनीत, ६४ ठेवतो. सगळं ४६० एमबीच्या आसपास बसतं आणि महाराजांचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येतो. बिटरेट कॉन्स्टंटच, म्हणजे शेवटपर्यंत सारखाच ठेवा, व्हेरिएबल, म्हणजे बदलता ठेवला की जुने प्लेअर वेळ चुकीची दाखवतात. फाइलींची नावं छोटी आणि रोमन अक्षरांत द्या, पुढं ०१, ०२ असे इंग्रजी आकडे घाला. देवनागरी नावाच्या जागी जुन्या प्लेअरवर नुसते चौकोन दिसतात.

चित्रासकट हवं असेल तर डीव्हीडी. माझी मोठी चूक इथंच झाली होती. कोऱ्या डीव्हीडी दोन जातींच्या : डीव्हीडी+आर म्हणजे प्लस आणि डीव्हीडी-आर म्हणजे मायनस. दोन रुपये स्वस्त म्हणून मी प्लसच्या डिस्का आणल्या. दिसायला प्लस आणि मायनस सारख्याच, पण घराणी वेगळी. मायनस आर पायोनियरनं १९९७ मध्ये आणली. प्लस आर सोनी, फिलिप्स वगैरेंच्या गटानं २००२ मध्ये. कंपन्यांचं एकमत झालं नाही आणि त्याची झळ आमच्यासारख्यांना बसली, कारण जुन्या प्लेअरना मायनस जास्त ओळखीची. म्हणून वाटायच्या डिस्का मायनस आरच घ्या. प्लसच हाती असतील तर राइट करण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये 'बुक टाइप', म्हणजे डिस्कवरची तिच्या जातीची नोंद, बदलून डीव्हीडी-रॉम करा. मग प्लेअरला ती छापील डिस्क वाटते आणि बऱ्याच वेळा लागते. इमेजबर्न या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, मात्र तुमच्या राइटरनं साथ द्यायला हवी. मायनसवर हे करता येत नाही.

आर-डब्ल्यू डिस्का वाटू नका. पुन्हा पुसता येते म्हणून काटकसर वाटते, पण तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि थकलेल्या लेन्सला ती वाचता येत नाही. डबल लेअर, म्हणजे दोन थरांच्या डिस्काही नकोत. लग्नाची तीन तासांची शूटिंग एकीत बसवायला लोक ८.५ जीबीची मागायचे. तिच्या पैशात साध्या पाच-सहा यायच्या, शिवाय थर बदलताना प्लेअर अडखळायचा. दोन साध्या द्या.

खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोज ४.३८ च दाखवतं. दुकानदारानं फसवलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. दोन तासांचं कीर्तन ५ एमबीपीएसच्या आसपास नीट बसतं. फॉरमॅट पाल, म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, ७२० बाय ५७६. नुसती एमपी फोर फाइल टाकलेली डिस्क कॉम्प्युटरवर चालते, आजीच्या डब्यावर नाही. तिथं डीव्हीडी-व्हिडिओच, म्हणजे सिनेमाच्या डीव्हीडीसारखी मांडणी लागते.

आता राइट करणं. विंडोज विचारतं, 'यूएसबीसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी?' दुसरंच निवडा. १६ एक्सच्या डिस्कवर मी राइट करायचा वेग ८ ठेवतो, चार मिनिटं जास्त गेली तरी चालतील. डिस्क फायनलाइज करा, म्हणजे लिहून संपल्याची शेवटची नोंद तिच्यावर होऊ द्या. तेवीसमधल्या सात निव्वळ फायनलाइज न केल्यामुळं बंद होत्या. 'व्हेरिफाय'ची, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून ताडायची, खूण काढू नका. आणि यूपीएस ठेवा. त्या काळी लोडशेडिंगमध्ये कितीतरी डिस्का अर्ध्यात जळाल्या, आजही उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

व्हेरिफाय झालं म्हणजे काम झालं असं धरू नका. गावातला सगळ्यात जुना, कुरकुरणारा प्लेअर शोधा. आमच्याकडं तो पिठाच्या गिरणीत होता. पहिली डिस्क तिथं शेवटपर्यंत लावून बघतो, मगच बाकीच्या काढतो. शेवटपर्यंत अशासाठी, की राइटिंग आतून बाहेर होतं आणि खराबी बहुधा बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटाला असते.

नाव मऊ टोकाच्या सीडी मार्करनंच लिहा, बॉलपेन नको. सीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूलाच, अगदी पातळ लाखेखाली असतो. खालच्या ओरखड्यांपेक्षा वरचा ओरखडा वाईट. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिथं स्टिकर घात करतो : तोल जातो आणि डिस्क थरथरते.

पत्र्याच्या घरात डिस्क टीव्हीवर उघडी ठेवू नका. आमचा मे ४२-४३ अंशांचा. ज्यावर माहिती लिहिली जाते तो रंगाचा थर सेंद्रिय असतो, ऊन आणि उष्णता त्याला खातात. डबीत घालून, उभी, कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवा.

कोऱ्या डिस्का आता मिळणं अवघड झालंय. भारतात त्या भरपूर बनवणारी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली, सोनीनं २०२५ मध्ये रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. परभणीच्या दुकानांत जुना माल निघतो. आधी पाचच घ्या, राइट करून बघा, मग खोकं उचला.

आणि घरात २००५-१० च्या डिस्का असतील तर याच आठवड्यात हार्ड डिस्कवर उतरवा. पुसताना मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, गोल नाही. एका ड्राइव्हनं वाचली नाही तर दुसऱ्यात घाला, लॅपटॉपच्या ड्राइव्हनं नाकारलेली डिस्क जुन्या डेस्कटॉपवर वाचली जाते, हे मी कितीदा पाहिलंय. २००८ चं काल्याचं कीर्तन मला असंच मिळालं, चौथ्या ड्राइव्हवर. मायनस आरवर काढून आजीला नेऊन दिलं, आणि तिच्या डब्यावर ते पहिल्या झटक्यात लागलं.