शिरा बघून झाड ओळखताय? या चुका टाळा

‘समांतर शिरा म्हणजे एकदल, जाळीदार म्हणजे द्विदल.’ शाळेतलं हे वाक्य ऊस, केळ, गवत इथपर्यंत चालतं. त्याच्या जोरावर जंगलात शिरलात की फसलात.

कोकण किनाऱ्यावरची उंडी घ्या. मध्यशिरेपासून कडेपर्यंत बारीक उपशिरा इतक्या दाट आणि समांतर, की केळीचं पान आटवल्यासारखं दिसतं. नियम घोकलेला गडी लगेच ‘एकदल’ लिहून मोकळा होतो. उंडी चक्क द्विदल वृक्ष आहे. पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, देठ मोडला की चीक येतो. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं, पण तेवढा धीर कुणाला? उलट अळू, सुरण, घोटवेल ही एकदल, आणि शिरांचं जाळं मात्र ठसठशीत. म्हणून शिरांवरून अंदाज बांधा, पण पानांची मांडणी, चीक, वास आणि मिळालं तर फूल बघितल्याशिवाय नाव लिहू नका.

दुसरी खोड दसऱ्याला दिसते. आपटा म्हणून कांचन ओरबाडला जातो, कारण दोन्ही पानं टोकाला दुभंगलेली आणि दोन्हींत शिरा देठाच्या टोकापासून पंज्यासारख्या पसरलेल्या. भाऊबंद आहेत, शिरा सारख्याच असणार! शिरांचा साचा गट सांगतो, जात क्वचितच. इथे आकार बघा: आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं बरंच मोठं.

जांभळाची कडेलगतची शीर तर बहुतेकांना दिसतच नाही. पान उजेडासमोर धरा, १० पट भिंग लावा: दाट उपशिरा कडेच्या जरा आत एका सलग शिरेला मिळतात. वरून फोटो काढून ॲपला विचारणाऱ्यांना ती कशी दिसणार? फोटो मागच्या बाजूनं, उजेड पलीकडून.

कोवळा शेंडा तोडू नका. फांदीच्या मधलं, पूर्ण वाढलेलं पान घ्या. रोपट्यावरची पानंही टाळा, फणसाच्या कोवळ्या रोपाची पानं कधी कधी खाचदार असतात.

कडुनिंबाची पर्णिका, म्हणजे एका पानाचा सुटा दिसणारा छोटा भाग, हे अख्खं पान नव्हे. देठ फांदीला जुळतो त्या बगलेत डोळा (बारीक कळी) असेल तेच पान.

पानातला गर काढून नुसती शिरांची जाळी ठेवायची असेल, तर धुण्याच्या सोड्यात पान उकळताना ॲल्युमिनियमचं पातेलं नको, सोडा ते खातो. स्टीलचं घ्या. पिंपळ टिकतो, पातळ पानांचा लगदा होतो. गर सुटला की मऊ ब्रश मध्यशिरेकडून कडेकडे फिरवा. उलटा फिरवलात की जाळी फाटलीच.