जादूच्या जुन्या मासिकांतील प्रयोग पुन्हा कसे वाचावेत

जादूविषयक जुनी मासिके आरामखुर्चीत बसून वाचण्यासाठी नसतात; पत्त्यांचा कॅट हातात घ्यावा आणि एकेका वाक्याबरोबर कृती करीत पुढे सरकावे. १९०२ ते १९५३ या काळात अमेरिकेत निघालेले ‘द स्फिंक्स’ असो किंवा थिओडोर ॲनेमन यांनी १९३४ ते १९४१ दरम्यान चालवलेले ‘द जिंक्स’, त्यांतील मजकूर मुख्यतः जादूगारांनी जादूगारांसाठी लिहिलेला असे. त्यामुळे कॅटमध्ये करंगळीने धरून ठेवायची बारीकशी फट अनेकदा अर्ध्या वाक्यात उरकलेली असते आणि नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास निसटते.

प्रथम रहस्याचा भाग झाकून ठेवावा आणि प्रेक्षकाला जे दिसते तेवढेच दोन ओळींत लिहून काढावे. दोन ओळींत ते मावत नसेल, तर तो प्रयोग खुशाल सोडून द्यावा, असे माझे मत आहे. केवळ इतर जादूगारांना चकवण्यासाठी रचलेले प्रयोगही या अंकांत कमी नाहीत.

खरी अडचण साहित्याची येते. ‘द जिंक्स’मध्ये मनोवेधाचे, म्हणजे प्रेक्षकाच्या मनातले ओळखल्याचा आभास देणारे, प्रयोग भरपूर आहेत. त्या काळच्या अशा प्रयोगांत प्रेक्षकाने लिहिलेली चिठ्ठी फाडून तिचे तुकडे ॲशट्रेमध्ये जाळणे ही नेहमीची रीत होती. खिशात काडेपेटी आणि टेबलावर ॲशट्रे असणे तेव्हा इतके स्वाभाविक होते की, चिठ्ठी का फाडली, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे. आज आपण केवळ ॲशट्रे वगळून बाकीची कृती जशीच्या तशी केली, तर हात तितकेच सफाईदार चालले तरी चिठ्ठी फाडण्याचे कारणच नाहीसे होते आणि प्रेक्षकाची शंका नेमकी तिथेच अडकते. म्हणून जुनी वस्तू बदलताना, ती वस्तू कोणत्या हालचालीला निमित्त पुरवत होती, हे आधी शोधावे आणि तितकेच सहज निमित्त सापडेपर्यंत प्रयोग लोकांसमोर आणू नये.

नंतरचे अंकही चाळावेत, कारण एखाद्या वाचकाने सुचवलेली सुधारणा कधीकधी मूळ प्रयोगापेक्षा सरस निघते. आपल्या वहीत मूळ लेखकाचे नाव, अंक आणि पृष्ठ त्याच दिवशी टिपून ठेवावे; सहा महिन्यांनी ती युक्ती आपल्यालाच सुचली होती, असे वाटू लागते.